मंद्राची हद्द

नवी मुंबईत, वाशी-नेरूळच्या एखाद्या सेक्टरात, रात्री रस्त्यावरून मोटार जाते तेव्हा तिच्यातले गाणे ऐकू येत नाही; खिडक्यांची तावदाने मात्र थरथरतात. शब्द, चाल, गायक सारे मोटारीच्या काचेआड राहतात आणि नुसता घुमारा घरात शिरतो. गाण्याची ही फाळणी कोठे होते, याचा शोध घेताना आम्ही दोन इतिहासांपाशी येऊन पोहोचलो.

पहिला आपल्याच मुलुखातला. तेराव्या शतकात, यादव राजा सिंघण याच्या आश्रयाने देवगिरीस शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ रचला. त्यात नादाची तीन स्थाने सांगितली आहेत: मंद्र हृदयात, मध्य कंठात, तार मस्तकात, आणि प्रत्येक आधीच्याच्या दुप्पट उंच. स्थाने तीन असली तरी देह एकच आहे.

दुसरा इतिहास यंत्राचा. अमेरिकेतील टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या जॉर्ज कॅम्पबेल यांना १९१७ साली विद्युत्-गाळणीचे पेटंट मिळाले. तारेतून येणाऱ्या कंपनांपैकी ठरावीक पट्टाच ती पुढे जाऊ देई. १९३० साली बटरवर्थ यांनी आणि १९७६ साली लिंकविट्झ व रायली यांनी या विद्येत मोलाची भर घातली. मोटारीच्या ॲम्प्लिफायरवरील क्रॉसओव्हरचे बटण हे त्याच परंपरेतले. ते साधारणपणे ८० हर्ट्झच्या आसपास लावतात: खालचे स्वर डिकीतल्या सबवूफरला, वरचे दारांतल्या स्पीकरना. हद्द फार वर नेली तर पुरुषी आवाज डिकीतून येऊ लागतो. फार खाली आणली तर दारांतले लहान स्पीकर ओझ्याने फाटतात. गाळणीचा उतार मोजतात तोही दर सप्तकामागे इतके डेसिबल असा. शार्ङ्गदेवाची दुप्पट येथेही एकक ठरली आहे.

पण आत बसलेल्याच्या कानासाठी आखलेली ही हद्द रस्त्यावर निराळीच ठरते. काच आणि पत्रा तारस्वर बरेचसे अडवतात, मंद्र तेवढा अडवत नाहीत.

येथे कायद्याचा प्रश्न येतो. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. मात्र हे डेसिबल ‘ए’ वक्राने मोजायचे आहेत. त्या वक्राचे मूळ फ्लेचर आणि मन्सन यांच्या १९३३ सालच्या श्रवणप्रयोगांत आहे, म्हणजे पुन्हा त्याच टेलिफोनच्या घराण्यात. मंद आवाजात खालचे स्वर कानाला कमी जाणवतात, म्हणून हा वक्र ते कमी धरतो. ६३ हर्ट्झचा स्वर तब्बल २६ डेसिबलने. त्यामुळे त्या स्वराचा ८० डेसिबलचा घुमारा मापकावर ५४ दिसतो आणि दिवसाच्या मर्यादेत बसतो.

मोटारीची गाळणी जो मंद्र राखते, नेमका तोच कायद्याची गाळणी टाकून देते. ध्वनिमापकांवर ‘सी’ नावाचा दुसरा वक्रही असतो. तो हाच घुमारा ७९ दाखवतो. आमच्या मते अशा तक्रारींत दोन्ही आकडे नोंदवले जावेत. तावदाने कोणत्या वक्राने थरथरतात, हे झोपमोड झालेल्यास विचारावे लागत नाही.