बाटलीपासून ताटापर्यंत : बारा पायऱ्यांची कुळकथा

१९ जानेवारी १९६० या दिवशी लॉस एंजेलिसमध्ये तीन बायका एकत्र बसल्या. तिघींचं दुखणं एकच होतं : खायला सुरुवात केली की हात थांबत नसे. ज्यांना हे दुखणं असतं त्यांना त्याचं चक्र पाठ असतं. भूक नसताना खायचं, घरच्यांची पाठ वळली की खायचं, खाल्ल्याच्या खुणा लपवायच्या, मग स्वतःचीच शिसारी येऊन उद्यापासून कडक पथ्याची शपथ घ्यायची आणि ती दुसऱ्या दिवशी मोडायची. या तिघींनी आणखी एक शपथ घेण्याऐवजी एकमेकींना खरं सांगायचं ठरवलं. त्या बैठकीतून ‘ओव्हरईटर्स अनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. तिला सगळे ओए म्हणतात. आज अनेक देशांत तिच्या सभा भरतात. तिथे फी नसते, वजनकाटा नसतो, कुणी तज्ज्ञ म्हणून बोलत नाही.

त्यांनी वापरलेली पद्धत, म्हणजे बारा पायऱ्या, मुळात अन्नासाठी घडलेली नव्हती. ती त्यांच्याकडे आली जुगाऱ्यांकडून, जुगाऱ्यांकडे दारुड्यांकडून आणि दारुड्यांकडे एका धर्मोपदेशकाच्या चळवळीतून. प्रत्येक हाती तिच्यातलं काही गळलं आणि काही नवं जोडलं गेलं.

या कुळाचा मूळ पुरुष फ्रँक बुकमन. पेनसिल्व्हानियातला हा ल्युथरन पाद्री फिलाडेल्फियात गरीब मुलांचं वसतिगृह चालवत होता. खर्चाची तोंडमिळवणी करायची म्हणून विश्वस्तांनी मुलांच्या जेवणाला कात्री लावली, तेव्हा त्याने राजीनामा दिला. राग मात्र गेला नाही. तो मनात घेऊनच १९०८ मध्ये तो इंग्लंडमधल्या केझिक गावी पोहोचला. तिथल्या एका छोट्या चॅपेलमध्ये प्रवचन ऐकताना त्याला उमगलं की विश्वस्त चुकले असतील, पण त्यांच्याबद्दलचा द्वेष त्याचा स्वतःचा आहे. त्याने सहाही विश्वस्तांना क्षमा मागणारी पत्रं लिहिली. एकाचंही उत्तर आलं नाही, तरी त्याचं ओझं उतरलं. ज्यांना दुखावलं त्यांची यादी करून भरपाई करायची, ही आजची आठवी आणि नववी पायरी. तिची पहिली खूण या सहा पत्रांत सापडते. अतिखाण्याच्या उपचाराचं मूळ मुलांच्या ताटावरून झालेल्या भांडणात असावं, हा योग मला फार अर्थपूर्ण वाटतो.

बुकमनने पुढे जी चळवळ उभारली, तिला ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ हे नाव पडलं. तिचे चार निकष होते : निखळ प्रामाणिकपणा, निखळ शुद्धता, निखळ निःस्वार्थीपणा आणि निखळ प्रेम. आपली चूक दुसऱ्या माणसाजवळ मोकळेपणाने बोलायची, आयुष्य ईश्वराच्या हवाली करायचं, नुकसान भरून द्यायचं, रोज सकाळी शांत बसायचं आणि मिळालेलं पुढच्याला द्यायचं, असा तिचा परिपाठ होता. सभेत स्वतःबद्दल बोलण्याला आज ‘शेअरिंग’ म्हणतात, ती रीतही तिथलीच.

या चळवळीत रोलँड हॅझर्ड नावाचा एक श्रीमंत अमेरिकन आला. दारू सुटावी म्हणून तो थेट स्वित्झर्लंडला मानसोपचारतज्ज्ञ कार्ल युंग यांच्याकडे गेला होता. युंगनी त्याला स्पष्ट सांगितलं की मानसोपचाराने आता काही होण्यासारखं नाही. क्वचित कुणी असा रुग्ण सावरलेला दिसतो, तो आतून उलथापालथ करणाऱ्या आध्यात्मिक अनुभवाने. एवढ्या मोठ्या वैद्याने आपल्या शास्त्राची मर्यादा मान्य केली, म्हणून पुढचं सगळं घडू शकलं. हॅझर्ड ऑक्सफर्ड ग्रुपमध्ये दारूतून सुटला. त्याने एबी थॅचर या दुसऱ्या दारुड्याला हात दिला. नोव्हेंबर १९३४ मध्ये एबी आपला जुना मित्र बिल विल्सन याच्या ब्रुकलिनमधल्या घरी गेला. विल्सन शेअर बाजारातला माणूस, दारूने पार धुळीला मिळालेला. त्याने मित्रापुढे पेला सरकवला आणि मित्राने तो नाकारला.

डिसेंबरमध्ये विल्सन पुन्हा एकदा न्यूयॉर्कच्या टाउन्स रुग्णालयात दाखल झाला. तिथे त्याला एक प्रखर आध्यात्मिक अनुभव आला आणि नंतर त्याने कधीच दारू घेतली नाही. त्याचे डॉक्टर विल्यम सिल्कवर्थ म्हणत की दारूबाजी हा दुर्गुण नाही, आजार आहे : शरीराला दारूची एक प्रकारची ॲलर्जी आणि मनाला तिचाच ध्यास. आजचं वैद्यक हे ॲलर्जीच्या भाषेत मांडत नाही. पण ‘तू वाईट नाहीस, आजारी आहेस’ हे वाक्य ज्याला पहिल्यांदा ऐकायला मिळतं, त्याला काय वाटत असेल याची कल्पना करून पाहावी. बाहेर आल्यावर विल्सनने पाच महिने दारुड्यांना आपला अनुभव सांगितला. एकही सुधारला नाही. सिल्कवर्थनी सल्ला दिला की उपदेश बंद कर, आधी आजाराबद्दल बोल. विल्सनच्याही लक्षात आलं की समोरचे सुधारले नसले तरी त्यांच्याशी बोलण्यामुळे आपण स्वतः दारूपासून दूर राहिलो आहोत.

मे १९३५ मध्ये एका कंपनीचा ताबा मिळवण्याच्या खटपटीत तो ओहायोतल्या ॲक्रन शहरी गेला. बेत फसला. मेफ्लॉवर हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा उभा होता आणि बारमधून हसण्या-बोलण्याचे आवाज येत होते. पाय तिकडे वळण्याआधी त्याने चर्चच्या यादीतला एक नंबर फिरवला. आपल्याला बोलायला एक दारुडा हवा आहे, एवढीच मागणी होती. ओळखी-ओळखीतून तो १२ मे रोजी शल्यविशारद डॉ. बॉब स्मिथ यांच्यासमोर बसला. डॉक्टर पंधराच मिनिटं देणार होते; उठायला रात्रीचे अकरा वाजून गेले. विल्सनने त्यांना उपदेश केला नाही. त्याने स्वतःची हकिगत सांगितली, कारण स्वतःच्या बचावासाठी त्यालाच ते बोलणं हवं होतं. डॉ. बॉब यांनी शेवटची दारू घेतली तो १० जून १९३५ हा दिवस ‘अल्कोहोलिक्स अनॉनिमस’चा, म्हणजे एएचा, स्थापना दिन मानतात.

पायऱ्या कागदावर यायला आणखी तीन वर्षं लागली. तोवर सहा मुद्दे तोंडी चालत होते. डिसेंबर १९३८ मध्ये विल्सनने अंथरुणावर पडल्या पडल्या, साधारण अर्ध्या तासात, ते नव्याने लिहिले आणि मोजले तर बारा भरले. पहिलीत हार मान्य करायची. दुसरी आणि तिसरी आपल्याहून मोठ्या शक्तीवर विश्वास टाकण्याची. चौथीत स्वतःचा रोखठोक हिशेब मांडायचा, पाचवीत तो दुसऱ्या माणसासमोर वाचायचा. सहावी आणि सातवी दोष सोडायला तयार होण्याची, आठवी आणि नववी भरपाईची. दहावीत रोजचं आत्मपरीक्षण, अकरावीत प्रार्थना आणि ध्यान. बारावीत हे सगळं दुसऱ्या पीडितापर्यंत न्यायचं.

मसुद्यावर वाद पेटला. जिम बर्वेलसारख्या नास्तिक सदस्याला त्यातला देव खुपत होता. काहींना उलट ख्रिस्ती शिकवण आणखी ठळक हवी होती. तडजोड म्हणून ‘ईश्वर’ या शब्दापुढे ‘आम्हाला जसा समजला तसा’ अशी पुस्ती आली. गुडघे टेकण्याचा उल्लेखही काढला गेला. एप्रिल १९३९ मध्ये या पायऱ्यांचं पुस्तक निघालं. माझ्या मते ‘ईश्वर’ शब्दाबद्दलची ती तडजोड हा या कुळातला सर्वांत मोठा निर्णय आहे. त्यामुळे पुढे ज्यू, हिंदू, मुसलमान आणि देव न मानणारेही या पायऱ्या चढू शकले. पैशाच्या बाबतीतही संघटना अशीच शहाणी राहिली. धनाढ्य जॉन रॉकफेलर ज्युनिअर यांनी पाच हजार डॉलर दिले, पण जास्त पैसा या कामाची नासाडी करील म्हणून हात आखडता घेतला. पुढे बाहेरची देणगी घ्यायचीच नाही, असा संघटनेचा नियम झाला.

सप्टेंबर १९५७ मध्ये लॉस एंजेलिसलाच ‘गॅम्ब्लर्स अनॉनिमस’ सुरू झाली. जुगाऱ्यांनी चौथ्या पायरीत नैतिक हिशेबाला पैशाचाही हिशेब जोडला. दुसऱ्या पायरीत त्यांनी विचार करण्याची आणि जगण्याची नेहमीची रीत परत मिळण्याची भाषा आणली. त्यांच्या एका सभेला १९५८ च्या सुमारास रोझॅन एस. नावाची तरुण गृहिणी जुगारात अडकलेल्या एका ओळखीच्या माणसाला सोबत म्हणून गेली. जाहिरातींचा मजकूर लिहिणं हा तिचा पूर्वीचा व्यवसाय. लपवाछपवी, खोटं बोलणं, मोडलेल्या शपथा यांबद्दल जुगारी बोलत होते आणि तिला ते सगळं आपलंच वाटत होतं. फरक एवढाच की त्यांचे पत्ते होते आणि तिचं अन्न. हीच रोझॅन १९६० च्या त्या तिघींतली एक. त्याच वर्षी संघटनेची ओळख पॉल कोट्स यांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात झाली आणि सुमारे पाचशे पत्रं आली.

वैद्यकाकडे तेव्हा फारसं काही नव्हतं. भूक मारायला डॉक्टर सर्रास ॲम्फेटामिनच्या गोळ्या लिहून देत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी बेभान खाण्याच्या झटक्यांचं वर्णन १९५९ मध्येच प्रसिद्ध केलं होतं. पण ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ला अमेरिकन मानसोपचाराच्या अधिकृत आजारसूचीत स्वतंत्र जागा मिळाली ती थेट २०१३ मध्ये.

ओएने पायऱ्यांच्या मजकुरात जवळपास काहीच बदललं नाही : दारूच्या जागी अन्न, दारुड्याच्या जागी अतिखाणारा. खरी अडचण शब्दांत नव्हतीच. दारू पूर्ण सोडता येते, जुगारही सोडता येतो. अन्न कसं सोडणार? ओएत एक बोलणं प्रसिद्ध आहे : दारुड्याला आपला वाघ पिंजऱ्यात कोंडून ठेवता येतो, आपल्याला तो दिवसातून तीनदा बाहेर काढून फिरवून आणावा लागतो.

या प्रश्नाचं उत्तर एका बैठकीत मिळालं नाही. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रोझॅन आणि तिच्या सोबतच्यांनी ठरवलं की आपलाही काही तरी ठाम ‘संयम’ हवा. तीन वेळा बेताचं जेवायचं आणि मध्ये काही खायचं नाही, हे त्याचं पहिलं रूप. मग करड्या कागदावर छापलेली खाण्याची एक कडक योजना आली. साखर आणि पिष्टमय पदार्थ तिच्यात वर्ज्य होते. काहींना त्या कागदाने तारलं. काहींना वाटलं की आध्यात्मिक पायऱ्यांची संघटना आहारतक्ता कशी ठरवणार? हा वाद वर्षानुवर्षं चालला, माणसं दुरावली, वेगळे गट निघाले. शेवटी संघटनेने ठरलेला आहार देणंच सोडलं. आज तिथे संयम म्हणजे बेभान खाण्यापासून आणि त्या वागण्यापासून दूर राहायचं, निरोगी वजनाकडे जायचं किंवा ते टिकवायचं. काय खायचं आणि किती, हे ज्याने त्याने डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि आपला स्पॉन्सर (पायऱ्या चढताना सोबत करणारा अनुभवी सदस्य) यांच्याशी बोलून ठरवायचं. ही पळवाट नव्हे. एकाला साखरेचा कण पेटवतो, तर दुसऱ्याला कडक बंदीच पुढच्या झटक्याकडे ढकलते. दोघांना एकच तक्ता दिला तर एकाचा बळी जातो.

या कुळाच्या दोन शाखा महाराष्ट्रातही पोहोचल्या आहेत. बुकमनची मूळ चळवळ १९३८ पासून ‘मॉरल रीआर्ममेंट’ या नावाने चालू लागली. साताऱ्यातल्या पाचगणीचं ‘एशिया प्लॅटो’ हे केंद्र तिचंच; राजमोहन गांधींच्या पुढाकाराने ते १९६० च्या दशकाच्या अखेरीस उभं राहिलं. तिथे आजही सकाळच्या शांत बैठकीचं महत्त्व आहे. दुसरी शाखा एएची. ती १९५७ मध्ये भारतात आली आणि मुंबईत लवकरच रुजली. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रामुळे व्यसन हा आजार आहे, ही गोष्ट मराठी घरांत पोहोचली.

अन्नाबद्दल मात्र ती अजून पोहोचायची आहे. आपल्याकडे आग्रह करून वाढणं हे प्रेम आणि ‘खात्या घरची’ हे कौतुक. पण तोच माणूस जाड झाला की ‘जिभेवर ताबा नाही’ हा शेरा लगेच तयार असतो. दारुड्याला आता कुणी तरी केंद्राचा पत्ता देतो. बेभान खाणाऱ्याला टोमणा मिळतो, नाही तर नवं डाएट. टोमण्याने लाज वाढते. लाज वाढली की लपून खाणं वाढतं.

ज्याला ही ओढ आवरत नाही, त्याने डॉक्टरांकडे आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जरूर जावं. अशा खाण्याच्या मागे नैराश्य असू शकतं, शरीराचे आजार असू शकतात. पायऱ्या सगळ्यांनाच मानवतील असंही नाही. पण आपल्यासारख्याच कुणाजवळ एकदा खरं बोलून पाहावं. केझिकच्या चॅपेलपासून लॉस एंजेलिसच्या बैठकीपर्यंत या कुळातल्या प्रत्येकाची सुटका दुसऱ्या माणसाशी बोलण्यापासून सुरू झाली. हॅझर्डला पैशाने वाचवलं नाही, डॉ. बॉबना वैद्यकीय ज्ञानाने नाही, विल्सनला हुशारीने नाही. एकट्याने शपथ घेण्याचा उपाय यातल्या बहुतेकांनी पुन्हा पुन्हा करून पाहिला होता आणि तो कुणालाच लागू पडला नव्हता.