दाराआडचे विज्ञान

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२५ सालापासून मुलांसाठी नाताळच्या व्याख्यानांची जी प्रथा पडली, तिच्यात १८६० च्या हिवाळ्यात मायकेल फॅरडे यांनी एका साध्या मेणबत्तीवरून ज्वलनाचे सारे रसायन उलगडून दाखविले. ज्योतीच्या काळसर गाभ्यात वाकडी काचेची नळी धरून, तिच्यातून बाहेर पडणारी वाफ ते दुसऱ्या टोकाशी पेटवीत. हे प्रयोग घरी करून पाहा, असे ते मुलांना आवर्जून सांगत. परंतु सभागृहात नळी धरणारा हात त्यांचाच असे.

तो हात प्रेक्षकांकडे यावयास बराच काळ गेला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बर्लिनच्या उरानिया संस्थेने लोकांना कळ दाबून उपकरणे चालविण्याची मुभा दिली खरी. पण या विचाराला पूर्णत्व आणले ते फ्रँक ओपनहायमर यांनी. अणुबाँबच्या कार्यात बंधू रॉबर्ट यांच्यासमवेत राबलेल्या या शास्त्रज्ञावर, पूर्वीच्या कम्युनिस्ट सभासदत्वाच्या चौकशीपायी, १९४९ साली मिनेसोटा विद्यापीठातील जागेचा राजीनामा देण्याची पाळी आली, आणि पुढे कित्येक वर्षे ते कोलोरॅडोत गुरे पाळून राहिले. तेथील गावच्या शाळेत शिकवू लागल्यावर ते विद्यार्थ्यांना घेऊन उकिरड्यावर जात आणि मोडक्या यंत्रांचे सुटे भाग उचलून त्यांवर यंत्रशास्त्र, उष्णता व वीज शिकवीत. १९६९ साली सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी उभारलेले एक्स्प्लोरेटोरियम हे विज्ञान-संग्रहालय, जेथे उपकरणे घडविणारा कारखानाही लोकांच्या नजरेसमोर चाले, ही त्या उकिरड्याचीच परिणती होय, असे मी मानतो. आपल्या वरळीचे नेहरू विज्ञान केंद्र, जे १९८५ साली खुले झाले, तेही याच परंपरेतले.

मात्र हाताळण्याची मुभा मिळाली तरी निकड नव्हती. कळ दाबून, दिवा लागलेला पाहून मूल पुढच्या उपकरणाकडे धावे. निकड आली ती करमणुकीच्या बाजारातून. जपानातील क्योतो येथे २००७ साली ताकाओ कातो यांनी संगणकावरील सुटकेचा खेळ, म्हणजे कोडी सोडवून ठरलेल्या वेळात बंद खोलीतून बाहेर पडण्याचा, प्रत्यक्ष खोलीत आणला, आणि एस्केप रूम या नावाने तो जगभर पसरला. २०१२ साली स्वित्झर्लंडमधील भौतिकीचे अध्यापक गाब्रिएल पालासियोस यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी वैज्ञानिक कोड्यांचा असाच खेळ रचला. २०१७ साली इलिनॉय विद्यापीठाचे प्राध्यापक पॉल क्विएट यांनी अर्बाना गावातील एका मॉलमध्ये लॅबएस्केप नावाची अशी खोली थाटली, जेथे कथेतील बेपत्ता शास्त्रज्ञाच्या शोधास निघणाऱ्यास भौतिकीच्या पूर्वज्ञानाची अट नाही.

अशा खोलीला शोभेल असे एक उदाहरण घ्या. प्रकाशाचे ध्रुवण करणारे दोन पारदर्शक पत्रे काटकोनात एकमेकांवर धरले की प्रकाश अडतो, आणि त्यांच्यामध्ये तिसरा पत्रा तिरका सरकविला की प्रकाश अंशतः पुन्हा पार होतो. हे वाचून विसरणारा मनुष्य, याच युक्तीने कुलपाचे आकडे दिसणार असतील तर, सहसा विसरणार नाही. म्हणूनच जेथे मूलद्रव्याचा क्रमांक आठवला की कडी निघते, ती खोली मला परीक्षेचे दालन वाटते. निसर्गाच्या वर्तनानेच कुलूप उघडावे. दोष आहे तो घड्याळाचा. तासाभराच्या घाईत चलाख खेळाडू कोडे सोडवून मोकळा होतो आणि सोबत्यांना कारण उमगत नाही. तेव्हा खेळ संपल्यावर सर्वांना पुन्हा आत नेऊन तो तिसरा पत्रा प्रत्येकाच्या हाती देण्याची तजवीज असावी, आणि त्यासाठी लागणारा वेळ व जाणता माणूस यांची तरतूद खोली बांधतानाच व्हावी.