विद्यार्थ्याचे यश आणि त्याचे प्रत्यय : कासुर्डीच्या पट्ट्यातील शिक्षणेतिहासाच्या निमित्ताने

दरवर्षी दहावी-बारावीचे निकाल लागले की दोन प्रकारची विधाने ऐकू येतात. उत्तीर्ण झालेल्याविषयी 'मुळातच हुशार' असे म्हटले जाते आणि अनुत्तीर्ण झालेल्याविषयी 'त्याच्या नशिबातच विद्या नव्हती' असे. ही दोन्ही विधाने बुद्धविचाराशी विसंगत आहेत. प्रतीत्यसमुत्पादाचा सिद्धान्त सांगतो की कोणतीही घटना एकटी व अकारण उद्भवत नाही. ती प्रत्ययांच्या, म्हणजेच कारणभूत परिस्थितीच्या आधाराने उद्भवते. मंगलसुत्तात विद्या आणि शिल्प यांच्याप्रमाणेच अनुकूल प्रदेशातील निवासाचीही गणना मंगलांत केलेली आहे, ही बाब अर्थपूर्ण आहे. विद्यार्थ्याच्या यशापयशाला हीच दृष्टी लावून आम्ही येथे थोडा इतिहास तपासणार आहोत.

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या पट्ट्यातील कासुर्डी हे गाव पुणे-सोलापूर रस्त्यावर, यवतच्या परिसरात आहे. १८५८ साली पुण्याहून दिक्सळपर्यंत लोहमार्ग सुरू झाला तो याच मुलखातून. योगायोग असा की त्याच वर्षी मुंबई सरकारने जाहीर केले की केवळ सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सर्व जातींच्या प्रजाजनांना खुल्या राहतील. आगगाडी धावू लागली. शाळेचे दार मात्र कागदावरच उघडले.

या घोषणेमागे एका मुलाचा अर्ज होता. जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मागणाऱ्या महार विद्यार्थ्यास नकार मिळाला. एका मुलाला प्रवेश दिल्यास इतरांच्या दृष्टीने शाळा निरुपयोगी ठरेल, असे कारण सरकारने दिले. मात्र त्याच्या आदल्याच वर्षी, १८५५ साली, पुण्यात जोतीराव फुले यांच्या शाळेतील मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापला गेला होता. धारवाडचा मुलगा आणि पुण्याची मुलगी यांच्या बुद्धीत अंतर होते असे कोण म्हणेल? अंतर होते ते केवळ परिस्थितीत. एकाला दार बंद होते, दुसरीला शिक्षक मिळाला होता.

दार उघडल्यानंतरही अडथळे संपले नाहीत. अनेक गावांत शाळा देवळात किंवा चावडीत भरे. तेथे अस्पृश्य मुलांनी ओटीवर अथवा बाहेर बसावे आणि तेथूनच ऐकावे, अशी रीत होती. त्यात महार वतनाची भर पडे. १८७४ च्या वतन कायद्याने जखडलेल्या या चाकरीत कामाचे तास ठरलेले नसत, आणि वतनदार गैरहजर असल्यास त्याच्या घरातील दुसऱ्या माणसाला कामावर ओढले जाई. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली कायदेमंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडताना हीच व्यथा वेशीवर टांगली. ज्या घरातील मुलाचा दिवस त्याचा स्वतःचा नाही, त्याच्या हजेरीची आणि अभ्यासाची अपेक्षा कशी करावी? हे वतन कायद्याने नष्ट होण्यास १९५८ साल उजाडावे लागले.

या परिस्थितीचा परिणाम आकड्यांत स्पष्ट दिसतो. मार्च १९२७ मध्ये मुंबई कायदेमंडळातील भाषणात बाबासाहेबांनी सरकारी अहवालांच्या आधारे दाखविले की, प्राथमिक शाळेत दर हजार लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंची ११९, मुसलमानांची ९२, मध्यम वर्गाची ३८ आणि मागास वर्गाची केवळ १८ मुले होती. दुय्यम शिक्षणात दर लाखामागे हेच प्रमाण अनुक्रमे ३०००, ५००, १४० आणि १४ असे होते. पायरी जितकी वरची, तितकी दरी रुंद. त्याच भाषणात त्यांनी सांगितले की पहिलीत येणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेच्या अंधारात जातात. दोनच वर्षांनी, १९२९ साली, हार्टॉग समितीने देशभरातील याच गळतीकडे आणि एकाच इयत्तेत रखडण्याकडे लक्ष वेधले. बाबासाहेबांनी ते आधीच ओळखले होते. शाळेत नाव घालणे वेगळे आणि शाळेत टिकणे वेगळे, हा भेद त्यांच्या विचाराचा गाभा आहे.

हा भेद त्यांनी स्वतः भोगला होता. साताऱ्याच्या शाळेत त्यांना घरून आणलेल्या गोणपाटावर इतरांपासून दूर बसावे लागे. तहान लागली तरी शिपायाने नळ सोडल्याशिवाय पाणी मिळत नसे. शिपाई नसेल तर पाणीही नसे. पुढे मुंबईत परळच्या चाळीतील एकाच खोलीत सारे कुटुंब राहत असे. तेथे शांतता मिळावी म्हणून ते लवकर झोपत व मध्यरात्रीनंतर वडील त्यांना अभ्यासाला उठवीत. १९०७ साली ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण मिळाले होते. केवळ गुणपत्रिका पाहणाऱ्याने या विद्यार्थ्याविषयी काय भाकीत केले असते? पुढे बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली, कोलंबिया विद्यापीठाचे ग्रंथालय मिळाले, आणि तोच विद्यार्थी जगद्विख्यात पंडित झाला. गुण बुद्धीचे मोजमाप करतात हे अर्धसत्य आहे. ज्या परिस्थितीत ते मिळविले जातात तिचेही मोजमाप त्यांत असते.

म्हणूनच बाबासाहेबांच्या शैक्षणिक कार्यात वसतिगृहाला अग्रस्थान मिळाले. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये सोलापूरला, कासुर्डीवरून जाणाऱ्या याच रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, विद्यार्थी वसतिगृह उघडले. याआधी छत्रपती शाहू महाराजांनी १९०८ मध्ये कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह स्थापन केले होते, तर कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसविणारे वसतिगृह सुरू केले. वसतिगृह म्हणजे नुसता निवारा नव्हे. दोन वेळचे अन्न, दिव्याचा उजेड, हक्काचे पाणी, सोबतीला अभ्यास करणारे मित्र आणि वतनाच्या बोलावण्यापासून सुटका, एवढे सारे प्रत्यय तेथे एकत्र येतात. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९५० मध्ये त्या वेळच्या औरंगाबादला महाविद्यालय निघाले, तेव्हाही हेच सूत्र कायम होते.

हे सूत्र आपल्या परंपरेला नवे नाही. याच पुणे जिल्ह्यात जुन्नर, कार्ले आणि भाजे येथील लेणी आहेत. तेथील विहारांत निवासाच्या खोल्या आहेत आणि जवळच पाण्याच्या पोढी कोरलेल्या आहेत. सामान्य उपासकांनी अशा पोढींसाठी दान दिल्याचे शिलालेख सांगतात. ज्ञानोपासनेआधी राहण्याची आणि पाण्याची सोय व्हावी, हे त्या दात्यांना उमगले होते.

आधुनिक संशोधनाचाही कौल याच दिशेने आहे. अमेरिकेत १९६६ साली प्रसिद्ध झालेल्या कोलमन अहवालाने दाखविले की विद्यार्थ्याच्या यशावर शाळेच्या साधनसामग्रीपेक्षा घरच्या व सहाध्यायांच्या सामाजिक परिस्थितीचा प्रभाव अधिक असतो. २००४ साली कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. मुलांना कागदावरील चक्रव्यूह सोडवायचे होते. जात जाहीर केली नव्हती तेव्हा उच्च व कनिष्ठ मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी जवळपास सारखीच होती. सर्वांसमक्ष जात उच्चारताच कनिष्ठ मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. गोणपाट गेले, पण वर्गात जात विचारणारी, आडनावावरून तर्क करणारी नजर गोणपाटाचेच काम करते, हा या प्रयोगाचा अर्थ आम्हांस वाटतो.

परिस्थिती बदलली की फळही बदलते, याचा पुरावा आपला समाजच आहे. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६४.८ टक्के असताना बौद्धांची ७२.७ टक्के होती. स्त्रियांमध्ये हे प्रमाण देशात ५३.७, तर बौद्धांमध्ये ६१.७ टक्के होते. ज्यांच्या पूर्वजांना शाळेच्या ओटीवर बसविले गेले त्यांनी धम्मदीक्षेनंतर दोन पिढ्यांत ही मजल मारली. याला दैव म्हणता येणार नाही. यामागे शिष्यवृत्ती, वसतिगृह, आरक्षण आणि आत्मसन्मान हे प्रत्यय आहेत.

तथापि समाधान मानून स्वस्थ बसावे अशी वेळ आलेली नाही. साक्षरता म्हणजे शिक्षणाची पूर्तता नव्हे. या पट्ट्यात ऊस आहे, गुऱ्हाळे आहेत आणि हंगामात बाहेरून आलेल्या मजुरांची पालेही असतात. आईवडील पहाटे फडात गेले की धाकट्या भावंडाला सांभाळणारी मुलगी शाळेला मुकते, आणि हंगाम संपून बिऱ्हाड हलले की शाळाही बदलते. एका खोलीच्या घरात दूरचित्रवाणी चालू असता दहावीच्या मुलाने वाचावे कोठे? पाण्याची घागर प्रथम मुलीच्याच डोक्यावर येते, हेही आपल्याच घरात तपासून पाहण्याजोगे आहे.

येथे चूळपंथकाची कथा स्मरते. चार महिन्यांत त्याला एक गाथा पाठ झाली नाही, म्हणून थोरल्या भावाने, महापंथकाने, त्याला संघ सोडून जाण्यास सांगितले. तथागतांनी त्याला मंदबुद्धी ठरविले नाही; त्याच्या हाती स्वच्छ वस्त्राचा तुकडा देऊन शिकण्याची वेगळी रीत दिली आणि तो अर्हत झाला. शिष्य बदलला नव्हता, प्रत्यय बदलला होता.

शासनाकडे वसतिगृहे व वेळेवर शिष्यवृत्ती यांची मागणी आपण करीतच राहिले पाहिजे, कारण तो हक्क आहे. परंतु एक गोष्ट आपल्या हाती आजही आहे. गावोगावी आपण विहार बांधले. वंदनेनंतर त्यांना कुलूप लागते. त्या विहारात सायंकाळी दिवे लागोत, सतरंज्या अंथरल्या जावोत, पिण्याचे पाणी भरलेले असो, आणि शिकलेल्या उपासक-उपासिकांपैकी कोणीतरी दोन तास तेथे बसो. पालावरच्या मुलासही त्याची जात न विचारता आत बसवावे. जुन्नरच्या दात्यांनी पोढी दिली. आपण अभ्यासाची जागा द्यावी. नोकरीनिमित्त शहरात स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांनी गावाकडचे हे ऋण विसरू नये. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश एकट्या विद्यार्थ्याला उद्देशून नाही. त्याला शिकता यावे अशी परिस्थिती निर्माण करणे हे सर्व समाजाचे कर्तव्य आहे, असे आम्ही मानतो.