जमिनीखालचा मासा

व्हिस्कॅश हा पोकेमॉन २००२च्या नोव्हेंबरात 'रुबी' आणि 'सफायर' या खेळांतून जपानी मुलांच्या हाती आला. निळा, गोलमटोल, रुंद तोंडाचा, लांब पिवळ्या मिश्यांचा मासा. उंची नव्वद सेंटिमीटर, वजन २३.६ किलो. जपानीत त्याचं नाव नामाझुन. नामाझु हा तिथल्या नदी-तळ्यांतला, आपल्या मागुराच्या जातकुळीतला बिनखवल्यांचा मासा. खेळातली नोंद सांगते, की हा चवताळला तर पाच किलोमीटरच्या परिघात जमीन हादरते. आणि खरा भूकंप यायचा असेल तर त्याची चाहूलही त्याला आधीच लागते. म्हणजे भूकंप करणाराही तोच आणि आधी ओळखणाराही तोच. ही जोडी खेळ रचणाऱ्यांच्या डोक्यातून निघालेली नाही. ती एदोची, म्हणजे जुन्या टोकियोची आहे.

मी मराठवाड्यातली, उमरग्याकडची. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीच्या भूकंपाने आमची भिंत पडली तेव्हा मी शाळकरी होते. शेषाने मान हलवली, असं आजी म्हणाली. नोकरीसाठी टोकियोत आले आणि इथल्या शेषाला मिश्या आहेत हे कळलं, तेव्हापासून या माशाच्या मागावर आहे.

आधी इथेही सर्पच होता. सतराव्या शतकातल्या छापील नकाशांत जपानच्या बेटांभोवती एक अजगरासारखा नाग वेटोळं घालून बसलेला दिसतो. पुढच्या शतकात त्याची जागा हळूहळू नामाझुने घेतली. चिखलात दडून राहणारा, मधूनच अंग झटकणारा मासा लोकांना जमिनीखालच्या त्या अदृश्य शक्तीसाठी अधिक पटला असावा, असं मला वाटतं. या माशाच्या डोक्यावर काशिमाचा देव ताकेमिकाझुची एक दगड दाबून धरतो. तो दगड म्हणजे कानामे-इशी. इबाराकी जिल्ह्यातल्या काशिमा देवस्थानाच्या रानात तो आजही आहे. उंच झाडांखाली लहानसं कुंपण आणि आत मातीतून जेमतेम वर आलेला, मधे खोलगट झालेला दगडाचा माथा. एवढंच दिसतं, बाकीचा जमिनीत किती खोल गेलाय याला अंत नाही म्हणतात. मितोचा सरदार तोकुगावा मित्सुकुनी याने सात दिवस-रात्र खणून पाहिलं तरी तळ लागला नाही, अशी कथा तिथे सांगतात. चिबातल्या कातोरी देवस्थानातही असाच एक दगड आहे. त्याचा माथा मात्र फुगीर.

११ नोव्हेंबर १८५५च्या रात्री दहाच्या सुमारास एदो हादरलं. घरं पडली, आगी लागल्या, हजारो माणसं मेली. जपानी पंचांगाचा तो दहावा महिना. त्या महिन्यात सगळे देव इझुमोच्या देवस्थानी जमतात असं मानतात, म्हणजे काशिमाचा देवही जागेवर नव्हता. मागे राखणीला एबिसु हा देव होता आणि त्याचा डोळा लागला, असं लोकांनी ठरवलं. काही दिवसांतच शहरात नामाझु-ए नावाची चित्रं विकली जाऊ लागली. लाकडी ठशांवर छापलेली, रंगीत, चित्रकाराची सही नाही, सरकारी तपासनिसाचा शिक्का नाही. अशी शेकडो चित्रं निघाली. दोनेक महिन्यांत सरकारने बंदी घातली आणि ठसे नष्ट करायला लावले.

यातलं एक चित्र मी पुन्हा पुन्हा पाहते. योशिवारा या वेश्यावस्तीला त्या रात्री आगीने वेढलं होतं. चित्रात तिथल्या बायका आणि त्यांची गिऱ्हाइकं हाताला लागेल ते घेऊन एका प्रचंड माशाला बडवताहेत. मासा खाली दबलेला, लाचार. आणि वर डाव्या कोपऱ्यात काही माणसं त्याला वाचवायला धावत येताहेत: सुतार, गिलावा करणारे, छपरं शाकारणारे. शहर पुन्हा बांधायचं होतं, मजुरी कडाडली होती, या लोकांच्या घरी कधी नव्हे तो पैसा आला होता. दुसऱ्या चित्रांत हेच कारागीर माशाला मेजवानी देतात. आणखी एकात धनाढ्य लोक सोन्याची नाणी ओकताहेत. एका चित्रात मासा देवमाशाएवढा होऊन समुद्रातून नाण्यांचं कारंजं उडवतो आहे. त्याचा आकार पाहून दोन वर्षांपूर्वी आलेली अमेरिकन पेरीची काळी जहाजं आठवल्याशिवाय राहत नाहीत. ज्याने घर पाडलं त्यानेच साठेबाजांच्या तिजोऱ्या उघडल्या, जगाची घडी नीट बसवली, हे म्हणायचं धाडस त्या निनावी चित्रकारांनी मढी अजून निघत असताना केलं. मला त्यांच्याबद्दल अपार आदर वाटतो.

भूकंप ओळखण्याची गोष्टही त्याच रात्रीची. १८५६ साली निघालेल्या एका वृत्तांतात एक माणूस येतो. तो ईल मासे धरायला नदीवर गेला, तर नामाझु विलक्षण चुळबूळ करताना दिसले. त्याने घरी येऊन सामान अंगणात काढून ठेवलं. बायको हसली, आणि रात्री भूकंप झाला. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला प्राणिशास्त्रज्ञ हाताई शिंकिशी यांनी आओमोरीजवळच्या आसामुशी इथे टाकीत नामाझु ठेवून खरोखर प्रयोग केले. पाण्यातल्या सूक्ष्म विद्युतप्रवाहाला हे मासे प्रतिसाद देतात असं त्यांना दिसलं. भूकंपाचं भाकीत त्यातून हाती लागलं नाही, पण माशाची ती ख्याती पक्की झाली. आज टोकियोत मोठा भूकंप झाल्यावर खाजगी गाड्यांना बंद होणाऱ्या रस्त्यांच्या फलकांवर नामाझुचंच चित्र असतं.

पोकेमॉनच्या दूरचित्रवाणी मालिकेत व्हिस्कॅशवर एक भाग तयार होता: हादरणारं बेट आणि त्यावरची झुंज. तो ४ नोव्हेंबर २००४ला दाखवला जाणार होता. २३ ऑक्टोबरला निइगाता जिल्ह्यात चुएत्सुचा भूकंप झाला, शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन रुळावरून घसरली, साठांहून अधिक माणसं गेली. तो भाग मागे घेतला गेला आणि पुढेही दाखवला गेला नाही. तंबूत झोपणाऱ्या मुलांसमोर पडद्यावर जमीन हलवायची नाही, हा निर्णय मला समजतो. भिंत पडल्यानंतर कित्येक महिने ट्रक गेला तरी मी दचकत असे. तरीही एदोतल्या लोकांनी राखेत उभं राहून माशाला हसत बडवलं होतं, त्याच्याशी हुज्जत घातली होती, त्याचे आभारही मानले होते. घाबरलेल्या माणसाला त्याचाही आधार होतो.

व्हिस्कॅशच्या वाट्याला हुज्जतीची आणि आभारांची ती अर्धी गोष्ट आलेली नाही. खेळात तो एक मोठं तळं एकट्याने बळकावतो आणि कोणी जवळ आलं की हादरे देतो. त्याला वाचवायला धावणारे सुतार कुठेच नाहीत. ते पाहायचे तर भूकंपशास्त्रज्ञ इशिमोतो यांच्या नावाचा नामाझु-एंचा संग्रह टोकियो विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे, आणि त्यातली चित्रं इंटरनेटवर मोठी करून पाहता येतात. माझी भाचेमंडळी व्हिस्कॅश खेळतात. त्यांना मी आधी योशिवाराचं चित्र दाखवते आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात कोण धावतंय ते ओळखायला सांगते.