बर्फावरील पहिली सुटी : स्थळ कोणतें निवडावें?



आमच्या बीड जिल्ह्यांत बर्फ आकाशांतून उतरतो तो गारांच्या रूपानें, आणि तोहि बहुधा फाल्गुन-चैत्रांत अवकाळी येऊन आंब्याचा मोहोर व उभा गहूं झोडपून जातो. अशा बालाघाटावरील एका निवृत्त शिक्षकानें बर्फावरून घसरण्याच्या खेळाविषयीं बोलावें, हें प्रथमदर्शनीं विनोदी वाटेल. परंतु काळ बदलला आहे. दिवाळी सरली कीं सुशिक्षित घरांतून प्रश्न ऐकूं येतो : यंदा मुलांना स्कीइंगला कोठें न्यावें? गुलमर्गला, मनालीला, कीं औलीला? ह्या प्रश्नांत वर्षभराची शिल्लक गुंतलेली असते आणि मुलांचे हातपायहि गुंतलेले असतात. जाहिरातींतील चित्रें पाहून त्याचें उत्तर मिळत नाहीं. इतिहास पाहिला तर मात्र मिळूं शकतें. म्हणून आज हा खेळ कोठें रुजला आणि तेथेंच कां रुजला, तें पाहूं.

मुळांत हा खेळच नव्हता. नॉर्वे, स्वीडन व उत्तर रशिया ह्या देशांत वर्षाचे कित्येक महिने जमीन बर्फाखालीं असते. पायांना लांब लांकडी फळ्या बांधून चालणें ही तेथील शिकाऱ्याची व शेतकऱ्याची गरज होती. हजारों वर्षांपूर्वींच्या अशा फळ्या त्या बाजूच्या दलदलींत सांपडल्या आहेत. 'स्की' ह्या शब्दाचें मूळहि जुन्या नॉर्स भाषेंत चिरलेल्या लांकडाच्या नांवांतच आहे. ह्या गरजेचा खेळ झाला तो एकोणिसाव्या शतकांत. टेलेमार्क प्रांतांतील मॉर्गेडाल गांवच्या सोंद्रे नॉर्हाइम नांवाच्या गरीब कुळानें टांचेभोंवतीं पिळलेल्या वेताचा बंद घालून फळी पायाशीं घट्ट बांधली, आणि त्यामुळें उतारावर वळणें घेणें साध्य झालें. १८६८ सालीं क्रिस्तियानिया, म्हणजे आजचें ऑस्लो, येथील शर्यतींत त्याच्या कौशल्यानें राजधानीचे लोक थक्क झाले. पुढें १८८८ सालीं फ्रिट्योफ नान्सेन ह्यानें पांच सोबत्यांसह अशाच फळ्यांवरून ग्रीनलंड ओलांडलें. त्याचें प्रवासवर्णन वाचून मध्य युरोपांत ह्या फळ्यांची हौस पसरली.

आतां आल्प्स पर्वताकडे वळूं. तेथें बर्फाला कधींच तोटा नव्हता. तरीहि तेथील गांवें हिवाळ्यांत दारें लावून बसत. त्यांपैकीं डाव्होस हें गांव प्रथम नांवारूपाला आलें तें खेळामुळें नव्हे, तर रोगामुळें. कोरड्या, थंड हवेसाठीं १८६५ पासून क्षयरोगी हिवाळ्यांतहि तेथें राहूं लागले. त्यांच्यासाठीं राहण्याजेवण्याची सोय झाली, डॉक्टर आले, आणि १८९० सालीं आगगाडी आली. शेरलॉक होम्सचा जनक आर्थर कॉनन डॉयल हा आपल्या क्षयग्रस्त पत्नीसाठींच तेथें जाऊन राहिला होता. १८९४ च्या मार्चमध्यें त्यानें स्कीवरून खिंड ओलांडून पलीकडचें आरोझा गांठलें. पण तेंहि ब्रांगर नांवाच्या दोघां स्थानिक भावांच्या सोबतीनें. एवढा धडधाकट व साहसी पुरुष, पण त्यालाहि जाणता वाटाड्या लागलाच.

जाणत्याच्या ह्या विद्येला शिस्त लावली ऑस्ट्रियांतील हानेस श्नायडर ह्यानें. आर्लबर्ग भागांतील सांक्ट आंटोन येथें पहिल्या महायुद्धाच्या आगेंमागें त्यानें पायरीपायरीनें शिकविण्याची पद्धत बसविली. आधीं दोन्ही फळ्यांचीं पुढचीं टोकें जवळ आणून व मागचीं फांकवून वेग आवरावयाचा. तें साधलें कीं वळावयाचें. आणि वेगानें उतरणें सर्वांत शेवटीं. आम्हां शिक्षकांच्या भाषेंत ही बर्फावरील बाराखडीच होय. ती शिकण्यासाठीं लोक दूरदूरहून त्या लहानशा गांवीं जाऊं लागले.

स्थळाच्या निवडीचा सर्वांत बोधप्रद दाखला अमेरिकेंतील आहे. युनियन पॅसिफिक रेल्वेचे अध्यक्ष ॲव्हरेल हॅरिमन ह्यांना हिवाळ्यांत गाड्या भरण्यासाठीं बर्फाचें एक नवें विश्रामस्थान हवें होतें. त्यांनीं फेलिक्स शाफगोट्श नांवाच्या ऑस्ट्रियन सरदाराला पश्चिमेकडील पर्वत पाहण्यास धाडलें. १९३५-३६ च्या हिवाळ्यांत तो डोंगरामागून डोंगर पाहत व नाकारीत गेला, आणि अखेर आयडाहो प्रांतांतील केचम ह्या खाणींच्या ओसरलेल्या गांवीं थांबला. तेथील शिखरें अमेरिकेंत सर्वांत उंच नव्हतीं. पण भोंवतालच्या डोंगरांमुळें वाऱ्याला आडोसा होता, ऊन भरपूर होतें, उतार झाडांवांचून मोकळे होते आणि आगगाडी गांवापर्यंत येत होती. १९३६ च्या डिसेंबरांत 'सन व्हॅली' ह्या नांवानें तें स्थान उघडलें. माणसांना बसवून वर नेणारा जगांतील पहिला खुर्च्यांचा रज्जुमार्गहि तेथेंच चालू झाला. केळ्यांचे घड जहाजांत चढविण्याच्या यंत्रावरून रेल्वेच्या एका इंजिनियराला ती कल्पना सुचली होती.

ह्या सर्व दाखल्यांचें तात्पर्य एकच. बर्फ पुष्कळ डोंगरांवर पडतो. परंतु खेळाचें स्थान तेथेंच होतें, जेथें सौम्य उतार, शिकविणारा माणूस आणि येण्याजाण्याचा मार्ग हीं तिन्ही एकत्र येतात. स्थान वसविणाऱ्यानें जें पाहिलें तेंच नवशिक्यानेंहि पाहावें.

आतां आपल्या देशाकडे येऊं. गुलमर्ग हें सुमारें २,६५० मीटर उंचीवरील कुरण ब्रिटिश अमदानींत उन्हाळ्यांतील विसाव्याचें ठिकाण होतें. १९२७ सालीं ब्रिटिश अधिकाऱ्यांनीं तेथें 'स्की क्लब ऑफ इंडिया' स्थापन केला. ते गेले, आणि काश्मीरच्या युद्धानें त्याच बर्फाला निराळें महत्त्व आणलें. १९४८ च्या सप्टेंबरांत आमचें बीड निजामी राजवटींतून मुक्त झालें. त्याच वर्षीं डिसेंबरांत जनरल थिमय्या ह्यांनीं गुलमर्ग येथें सैनिकांसाठीं स्कीची शाळा काढली. हिमालयांतील अतिउंच युद्धाचें शिक्षण देणारी आजची लष्करी संस्था तिच्यांतूनच वाढली. नागरिकांसाठीं सरकारी शिक्षणसंस्था १९६८ सालीं निघाली. रज्जुमार्गाचा पहिला टप्पा १९९८ त आणि अफरवात शिखराकडील दुसरा २००५ त सुरू झाला. म्हणजे येथेंहि आधीं शिक्षक आला आणि मग यंत्र आलें. शेजारच्या तंगमर्ग भागांतील आरिफ खान हा २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्यें भारताचा एकमेव खेळाडू होता, तो ह्याच उतारांवर शिकलेला.

मनालीची कथाहि अशीच आहे. तेथें गिर्यारोहणाची संस्था १९६१ सालीं निघाली आणि जवळच्या सोलंग खोऱ्यांतील मोकळा उतार शिकणाऱ्यांच्या उपयोगीं पडला. मनालीजवळच्या बुरुआ गांवची आंचल ठाकुर हिनें २०१८ सालीं तुर्कस्तानांत कांस्यपदक मिळविलें. आंतरराष्ट्रीय स्की स्पर्धेंत भारताला मिळालेलें तें पहिलेंच पदक होय.

गढवालांतील औलीचे उतार सुमारें २,५०० ते ३,००० मीटर उंचीवर आहेत, आणि समोर नंदादेवीचें दर्शन घडतें. सीमेवरील पोलिसांची शिक्षणसंस्था तेथें आहे. २०११ सालीं दक्षिण आशियाई हिवाळी खेळहि तेथें झाले. पण २०२३ च्या जानेवारींत पायथ्याच्या जोशीमठांत जमीन खचूं लागली, घरांना तडे गेले, आणि औलीला जाणारा रज्जुमार्ग बंद करावा लागला. डोंगराच्या सोसण्यालाहि मर्यादा असते, हें तेव्हां सर्वांना दिसलें.

मग प्रथमच जाणाऱ्या कुटुंबानें काय करावें? माझें मत असें : पहिल्या खेपेला गुलमर्गचे अगदीं खालचे उतार किंवा सोलंग, औली दुसऱ्या खेपेला. गुलमर्गलाहि दुसऱ्या टप्प्यानें चार हजार मीटरांच्या आसपास जाऊन घसरण्याचा मोह नवशिक्यानें कटाक्षानें टाळावा. वरील उतारांवर हिमलोटांचें भय असतें. २०१० च्या फेब्रुवारींत तेथें शिक्षण घेत असलेले सैनिकहि हिमलोटाखालीं दगावले. मग आपली काय कथा! दोन दिवसांच्या हौसेपेक्षां आठवडाभर एकाच शिक्षकाजवळ शिकावें. फळ्या व बूट विकत न घेतां भाड्यानें घ्यावे. बीड सुमारें पांचशें मीटरांवर आहे. एकदम अडीच हजारांवर गेल्यास डोकें दुखतें, दम लागतो. म्हणून पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा. जानेवारीचा उत्तरार्ध व फेब्रुवारी हा काळ सामान्यतः योग्य.

मार्गाचा प्रश्न आतां पूर्वींपेक्षां सुलभ झाला आहे. २०२५ च्या जूनमध्यें चिनाब नदीवरील पूल खुला झाला आणि कटऱ्याहून श्रीनगरला थेट आगगाडी जाऊं लागली. परंतु त्याच वर्षीं २२ एप्रिल रोजीं पहलगामजवळ बैसरन येथील दहशतवादी हल्ल्यांत २६ निरपराध माणसें मारलीं गेलीं. त्यांत महाराष्ट्रांतील सहा होतीं. तें विसरून चालणार नाहीं. निघण्यापूर्वीं त्या वेळच्या सरकारी सूचना पाहणें हें भ्याडपणाचें नसून गृहस्थधर्माचें लक्षण आहे.

एक गोष्ट मात्र कोणाच्याहि हातीं नाहीं, आणि ती म्हणजे खुद्द बर्फ. २०२४ च्या जानेवारींत गुलमर्गचें कुरण कित्येक दिवस कोरडें, पिवळें पडलें होतें. २०२५ च्या फेब्रुवारींतील राष्ट्रीय हिवाळी खेळ बर्फ न पडल्यामुळें मार्चपर्यंत पुढें ढकलावे लागले. शहरांतून गेलेला प्रवासी अशा वेळीं पैसे बुडाल्याबद्दल हळहळतो. मराठवाड्यांतील माणसाला ह्यांत आणखी कांहीं दिसलें पाहिजे. आमच्याकडे मृग कोरडा गेला कीं पेरणी लांबते, विहिरी आटतात, आणि गांवेंच्या गांवें ऊस तोडण्यासाठीं घरांना कुलपें लावून बाहेर पडतात. तेथें बर्फ न पडला कीं स्की शिकविणारा तरुण, घोडेवाला व हमाल हात बांधून बसतात; आणि पुढें उन्हाळ्यांत झरे, भातखाचरें व सफरचंदांच्या बागा पाण्याची वाट पाहतात. हिमालयावरील बर्फ म्हणजे उन्हाळ्यासाठीं उंचावर सांठविलेलें पाणीच होय.

तेव्हां मुलांना अवश्य न्या. त्यांना पडूं द्या, उठूं द्या, वेग आवरावयास शिकूं द्या. आणि सायंकाळीं शेगडीपाशीं बसल्यावर, हाच बर्फ वैशाखांत कोणाच्या शेतांत पोंचतो, हेंहि त्यांना तेथल्या शिक्षकालाच विचारूं द्या.