वाळूवर उभ्या माणसाचा गळ : स्वस्त काठी-रिळाचा इतिहास

१/
किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्या माणसाची मूळ अडचण एकच असते. मासा फुटणाऱ्या लाटांच्या पलीकडे असतो आणि माणूस अलीकडे. हे अंतर ओलांडणारी काठी आणि रीळ आज साध्या पगारातूनही घेता येते. दीडशे वर्षांपूर्वी तसे नव्हते. ते कसे बदलले आणि त्या इतिहासातून आजच्या मर्यादित खिशाच्या मासेमाराने काय घ्यावे, याचा हा धागा.

२/
सुरुवात अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यालगतच्या कटीहंक या छोट्या बेटावर होते. १८६४ साली न्यूयॉर्कच्या धनिकांनी तेथे मासेमारीचा क्लब काढला. लक्ष्य होते 'स्ट्राइप्ड बास' हा अंगावर पट्टे असलेला ताकदवान मासा. त्यासाठी खडकांवर लोखंडी आधार रोवून थेट पाण्यावर जाणारी लाकडी मचाणे उभारली गेली. कोणते मचाण कोणाला, हे चिठ्ठ्या टाकून ठरे.

३/
सभासदासोबत आमिष सांभाळणारा पगारी माणूस असे. तो शेवंडीचे मांस आणि तेलकट मासळी कापून पाण्यात टाकी, म्हणजे मासा आपणहून मचाणाजवळ येई. लांब फेकीची उणीव पैसा भरून काढत होता. ज्याच्याकडे मचाण नाही, चाकर नाही आणि शेवंड नाही, त्याला वाळूवरून दूर फेकण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि दूर फेकणारे साधन त्याच्या आवाक्यात नव्हते.

४/
साधने अस्तित्वातच नव्हती असे नाही. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केंटकी राज्यातील पॅरिस या गावी जॉर्ज स्नायडर नावाचा घड्याळजी दातेरी चाकांचे रीळ घडवत होता. मूठ एकदा फिरवली की दोरीचे चाक अनेकदा फिरे. हेच आजच्या 'मल्टिप्लायर' रिळाचे पूर्वरूप होय. पण प्रत्येक रीळ हाताने घडवलेले, घड्याळाइतके नाजूक आणि त्यामुळे महाग.

५/
त्यात आणखी एक दोष होता. फेकताना शिसे पुढे झेपावते आणि दोरीचे चाक त्याच्या ओढीने गरगर फिरते. हवेत शिशाचा वेग मंदावतो, चाकाचा मात्र लगेच मंदावत नाही. मग चाक अधिक दोरी सोडते, ती पुढे जाऊ शकत नाही आणि रिळावरच गुंत्याचे घरटे तयार होते. चाकावर अंगठ्याचा अचूक दाब ठेवणे हाच त्यावर उपाय. हे कसब अंगी येण्यास अनेक मोसम लागत.

६/
दोरीचीही कथा तीच. त्या काळची उत्तम सागरी दोरी अळशीच्या धाग्याची असे. तिला पुढे 'कटीहंक' हेच नाव चिकटले. ती ओली असताना मजबूत असे, पण ओलीच गुंडाळून ठेवली तर कुजे. मासेमारी संपली की संपूर्ण दोरी उलगडून वाळवायची आणि पुन्हा गुंडाळायची. ज्याला दुसऱ्या दिवशी कामावर जायचे असे, त्याला हा सोपस्कार जड जाई.

७/
गुंत्यावर पहिला वेगळा विचार स्कॉटलंडमध्ये झाला. पर्थ येथील पीटर मॅलॉक याने १८८४ साली एका युक्तीचे पेटंट घेतले. फेकण्याच्या क्षणी रीळ काटकोनात वळवायचे. मग चाक फिरतच नाही. दोरी त्याच्या कडेवरून सुटत जाते. न फिरणारे चाक गुंता कसा करणार? पण प्रत्येक फेकीत दोरीला पीळ बसे. एक दोष गेला, दुसरा आला.

८/
पुढचे पाऊल ब्रॅडफर्डच्या कापडधंद्यातून आले. गिरणीत स्थिर बॉबिनच्या टोकावरून सूत सरसर सुटताना रोज दिसे. त्याच व्यवसायातील आल्फ्रेड इलिंगवर्थ याने १९०५ साली याच तत्त्वावरील रिळाचे पेटंट घेतले. चाक स्थिर राहते आणि दोरी गुंडाळण्यासाठी त्याच्याभोवती एक भुजा फिरते. आज दुकानात ज्याला 'स्पिनिंग रीळ' म्हणतात, त्याचा वंश येथून सुरू होतो. मात्र इलिंगवर्थचे रीळ नदीतल्या हलक्या मासेमारीसाठी होते; समुद्राच्या जड शिशाला ते पेलणारे नव्हते.

९/
वाळूवरच्या माणसाचा विचार ऑस्ट्रेलियात झाला. चार्ल्स आल्वी याने १९२० साली ब्रिस्बेन येथे रिळांचा व्यवसाय सुरू केला. 'साइडकास्ट' रिळात त्याने चाक वळवण्याचीच कल्पना घेतली, पण चाक मोठे ठेवले आणि यंत्रणा कमीत कमी. दातेरी चाकेच नाहीत, तर वाळू अडकणार कोठे? पीळ पडण्याचा दोष राहिला; त्यासाठी गळाजवळ फिरत्या कड्या लावाव्या लागतात. तरीही खारे पाणी आणि वाळू सोसणारे हे रीळ तेथील किनाऱ्यांवर पिढ्यानपिढ्या वापरले गेले.

१०/
अमेरिकेत हे काम जागतिक मंदीच्या काळात झाले. जर्मनीतून आलेल्या ओटो हेन्झे याने १९३२ साली फिलाडेल्फिया येथे 'पेन' ही कंपनी काढली. मंदीत रिळांचा कारखाना काढणे हे वरकरणी धाडसच. परंतु सुटे भाग मोठ्या संख्येने एकसारखे बनवले तर ते बदलता येतात, आणि दुरुस्त होणारी वस्तू गरिबाला परवडते. पेनची रिळे टिकाऊपणासाठी आणि सहज दुरुस्तीसाठी नावाजली गेली.

११/
काठीच्या इतिहासात भारताचाही वाटा आहे. अमेरिकेत काठ्यांसाठी प्रदीर्घ काळ 'कलकत्ता केन' म्हणजे कलकत्त्याच्या बंदरातून जाणारा बांबू वापरला गेला. पुढे चीनमधील टोंकिन बांबूने त्याची जागा घेतली. बांबूच्या पट्ट्या तासून सहा पैलूंची काठी चिकटवणे हे कुशल कारागिराचे काम होते. ती ओलाव्याने वाकडी होई आणि खाऱ्या हवेत तिची निगा सतत राखावी लागे.

१२/
१९४४ साली आर्थर हॉवल्ड या अमेरिकी रसायनतज्ज्ञाच्या बांबूच्या काठीचे टोक मोडले. त्याने काचतंतू आणि राळ यांचे टोक स्वतः तयार करून बसवले. त्यातूनच 'शेक्सपिअर' कंपनीची काचतंतूची काठी दुसऱ्या महायुद्धानंतर बाजारात आली. ती कुजत नाही, वाळवावी लागत नाही आणि साच्यावर हजारोंनी बनते. काठीची किंमत आता कारागिराच्या दिवसांवर अवलंबून उरली नाही.

१३/
दोरीचा प्रश्न नायलॉनने सोडवला. ड्यू पाँट कंपनीने १९३८ साली नायलॉन जाहीर केले आणि लवकरच त्याचा एकपदरी धागा मासेमारीत आला. कोकणात गरवायला जाणारा ज्याला 'तंगूस' म्हणतो, तो हाच. तो कुजत नाही, पण ताणतो. ताणलेला तंगूस रिळावर गुंडाळला की आकसून चाकाला आवळतो. जुन्या रिळांची प्लास्टिकची चाके त्या दाबाने तडकत. म्हणून धातूची चाके आली. एक सुधारणा दुसरीला भाग पाडते ती अशी.

१४/
रिळांच्या या इतिहासात घड्याळजी पुन्हा पुन्हा भेटतात. फ्रान्समधील प्रसिद्ध 'मिचेल' रीळ क्लूझ या घड्याळ-उद्योगाच्या गावात बनले. स्वीडनमधील 'आबू' कंपनी १९२१ साली घड्याळांसाठी सुरू झाली. पुढे ती टॅक्सीचे मीटर बनवू लागली. युद्धात टॅक्स्या थांबल्या, मीटरची मागणी आटली आणि कारखाना रिळांकडे वळला. तिच्या 'अँबॅसेडर' रिळातील ब्रेक चाकाचा वेग वाढला की आपोआप घासून त्याला आवरतात. अंगठ्याच्या कसबाचा काही भाग यंत्राने उचलला.

१५/
पुढे जपानमध्ये सायकलींचे भाग बनवणारी 'शिमानो' १९७० साली मासेमारीच्या साधनांत उतरली. १९६०च्या दशकात ब्रिटनमधील फार्नबरो येथे विमानांसाठी विकसित झालेला कार्बनतंतू १९७०च्या दशकात काठ्यांत आला. आज चीनमधील वेईहाई हे काठ्यांचे मोठे उत्पादनकेंद्र आहे. जे काल महागड्या काठीचे वैशिष्ट्य होते, ते आज स्वस्त काठीत सापडते.

१६/
मग प्राथमिक धडे संपवून पुढे जाऊ पाहणाऱ्या, पण हात आखडून खर्च करणाऱ्या मासेमाराने काय निवडावे? इतिहासाचे पहिले उत्तर रिळाबाबत आहे. इलिंगवर्थच्या वंशातील स्थिर चाकाचे रीळ गुंता कमी करते. म्हणून सरावाचा वेळ फेकीला मिळतो. मल्टिप्लायरचे फायदे खरे आहेत, पण ते फेक एकसारखी जमू लागल्यावरच हाती येतात. चाक मोठे आणि रुंद असावे आणि तंगूस काठापासून दीड-दोन मिलिमीटर खालपर्यंत भरलेला असावा. कमी भरला तर तो काठाला घासून फेक आखूड होते.

१७/
दुसरे उत्तर आल्वी आणि हेन्झे देतात. वाळू हा रिळाचा खरा शत्रू आहे. खोक्यावर छापलेली बेअरिंगची संख्या ही गुणवत्तेची खूण नव्हे. ड्रॅग हळूहळू घट्ट होतो का, मूठ डगमगते का, सुटे भाग मिळतात का, हे पाहावे. दोन साध्या बेअरिंगचे घट्ट रीळ दहा बेअरिंगच्या सैल रिळाहून अधिक वर्षे चालते.

१८/
काठीचे गणित वजनाचे आहे. बारा-तेरा फूट लांबी आणि १०० ते १५० ग्रॅम शिसे पेलण्याची क्षमता किनाऱ्यासाठी सामान्यतः पुरेशी ठरते. सर्वांत ताठ काठी सर्वांत दूर फेकते हा समज चुकीचा आहे. काठी वाकून ऊर्जा साठवते आणि सरळ होताना सोडते. जी वाकवताच येत नाही, ती फेकणार कशी? काचतंतू मिसळलेली मध्यम लवचीक काठी धक्के सोसते आणि चुका माफ करते.

१९/
एका बाबतीत मात्र काटकसर नको. जोरदार फेकीत तंगूस तुटला तर शिसे गोळीसारखे सुटते आणि किनाऱ्यावरील माणसाचा जीव घेऊ शकते. म्हणून मुख्य तंगुसापुढे जाड तंगुसाचा तुकडा जोडतात. रूढ नियम असा : दर औंस शिशामागे दहा पौंड ताकद. १५० ग्रॅम शिशासाठी हा तुकडा सुमारे २४-२५ किलो ताण सोसणारा हवा. तो काठीच्या लांबीपेक्षा मोठा असावा आणि फेकीच्या वेळी रिळावर त्याचे काही वेढे राहावेत.

२०/
शेवटी पुन्हा त्याच माशाकडे. कटीहंकच्या क्लबची भरभराट ओसरली, कारण बास कमी झाला. विसाव्या शतकात साधने सर्वांच्या हाती आली. १९७०च्या दशकाच्या अखेरीस व्यावसायिक आणि हौशी मासेमारीच्या एकत्रित ताणाखाली, प्रदूषणाच्या भरीला, तोच मासा पुन्हा घटला. १९८४ साली अमेरिकेला त्याच्या रक्षणासाठी कायदा करावा लागला. कठोर बंधनांनंतर १९९५ साली तो सावरल्याचे जाहीर झाले.

२१/
मचाण असलेल्यांचा किनारा वाळूवर उभ्या असलेल्यांचा झाला, ही घड्याळजी, गिरणीवाले, रसायनतज्ज्ञ आणि स्थलांतरित कारागीर यांची मिळकत होय. परंतु किनारा सर्वांचा झाला की माशाची जबाबदारीही सर्वांची होते. स्वस्त काठी-रीळ विकत घेणारा माणूस त्या इतिहासाचा वारस असतो. लहान मासा पाण्यात परत सोडणे हा त्याच वारशाचा भाग आहे.

(धागा समाप्त)