पांढरीची भिंत, काळीचा रंग

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

घराला रंग द्यायचा म्हटले की आज आपण दुकानात जातो, रंगांचे कार्ड मागतो आणि शेकडो छटा पाहून गोंधळून घरी येतो. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात दोन-तीन पिढ्यांपूर्वी हा गोंधळ नव्हता. भिंतीचा रंग पायाखालची माती ठरवत असे. आपल्या भाषेने ही गोष्ट केव्हाच टिपून ठेवली आहे. पिकाची जमीन ती 'काळी' आणि गाव ज्या जमिनीवर वसते ती 'पांढरी'. काळीत पेरायचे, पांढरीत राहायचे.

पांढरी म्हणजे पिढ्यान् पिढ्यांच्या वस्तीचा साठा. चुलीतली राख, शेण, पडलेल्या भिंतींची माती हे सारे साचत जाऊन गावाखालची जमीन फिकट होते. ही माती चिवट असते, पाणी चटकन आत घेत नाही. म्हणून कमी पावसाच्या या मुलखात भिंतीही तिच्याच आणि वरचे धाबेही तिचेच. गढ्यांच्या जाड भिंतींतही हीच माती भरलेली दिसते. पुढे गढ्या ओस पडल्या, तेव्हा ठिकठिकाणी लोकांनी ती उकरून आपापल्या धाब्यांवर नेली. इंदापुरात मालोजीराजांची गढी आहे. तिचे नाव निघाले की आपण तलवारी आठवतो. गढी या प्रकाराचे मोठेपण मात्र मातीकामात आहे, हे विसरतो.

मातीच्या भिंतीला वर्षातून एक-दोनदा पांढऱ्या मातीचा पोतेरा फिरवायचा, खाली गेरूचा किंवा कावेचा तांबडा पट्टा ओढायचा, जमीन शेणाने सारवायची. हे काम घरच्या बायकांचे. त्याची मजुरी कुठल्याही वहीत लिहिलेली नाही, म्हणून इतिहासातही ते आले नाही.

ज्याची ऐपत थोडी बरी, त्याच्या भिंतीवर चुना चढे. आपल्या काळ्या दगडाच्या प्रदेशात चुन्याचा डोंगर नाही. ओढ्यानदीच्या काठाला आणि काळ्या मातीच्या पोटात चुनखडीचे खडे सापडतात, ते भट्टीत भाजायचे. हा धंदा लोणारी समाजाने पिढ्यान् पिढ्या सांभाळला. आपल्या पुणे जिल्ह्यात तो किती जुना असावा? शिरूर तालुक्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजने 1968 पासून 1983 पर्यंत उत्खनन केले. तिथे तीन हजार वर्षांमागच्या वस्तीत कुंभार आणि सोनार यांच्या घरांबरोबर चुना करणाऱ्याचे घरही ओळखले गेले.

कळीचा चुना पाण्यात टाकला की तो खदखदतो. तो विरवून, मुरवून, फडक्यातून गाळायचा. डिंक घालायचा, म्हणजे अंगाला लागत नाही. मग चिमूटभर नीळ. ही नीळ झाडाची नसते. 1828 च्या सुमारास युरोपात भट्टीत तयार होऊ लागलेले ते निळे चूर्ण आपल्याकडे धोब्याच्या आणि वाण्याच्या वाटेने भिंतीपर्यंत आले. कुणी मोरचूद घाली, तर भिंतीला हिरवट झाक येई. लहानपणी मला या कामाची एकच गंमत वाटे. ओला चुना भिंतीवर दिसतच नाही. हात फिरवणाऱ्याने विश्वास ठेवायचा आणि पुढे जायचे. वाळला की भिंत आपोआप उजळते. त्यामागचे कारण साधे आहे. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो आणि पुन्हा दगड होतो. तो जंतूही मारतो. म्हणून 1897 च्या प्लेगात पुण्यात घरोघर चुना फासला गेला. सक्तीने फासलेल्या त्या चुन्याचा राग लोकांच्या मनात बरीच वर्षे राहिला.

ही झाली पांढरीची कथा. मग काळीकडे पैसा कसा आला? 1836 मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जमिनीच्या नव्या मोजणीची पद्धत प्रथम इंदापूर तालुक्यात लावली. आधीच्या जबर साऱ्याने लोक गावे सोडून जात होते. मातीचा रंग, पोत आणि खोली पाहून प्रतवारी करायची आणि त्यावर सारा ठरवायचा, ही रीत इथून मुंबई इलाख्यात पसरली. पण मातीला भाव आला तो पाण्याने. 1876-77 च्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा आला, तो 1885 च्या सुमारास वाहू लागला. कालव्याखाली ऊस आला. वालचंदनगर उभे राहिले. 1950 च्या दशकात सहकारी साखर कारखाने आले. उसाचे बिल हातात पडले की पहिला खर्च लग्नाचा आणि दुसरा घराचा. विटा-सिमेंटच्या घरावर डिस्टेंपर आला, मग ऑइलपेंट, मग प्लास्टिक पेंट. आर. के. लक्ष्मण यांनी 1954 मध्ये काढलेला, हातात ब्रश आणि रंगाचा डबा घेतलेला गट्टू गावोगावच्या दुकानांवर हसू लागला. कालव्याच्या वरच्या जिरायत गावात मात्र पांढरी मातीच राहिली. एकाच तालुक्यात पाणी कुठपर्यंत पोहोचले, हे भिंती पाहून सांगता येत असे.

यात रंगीत भिंतीला नावे ठेवायचे कारण नाही. ज्यांच्या दोन पिढ्या धुरकट भिंतीत गेल्या, त्यांना गुलाबी खोली हवीशी वाटणे अगदी रास्त आहे. चूक होते ती वेगळ्या ठिकाणी. जुनी मातीची किंवा चुन्याची भिंत श्वास घेते. पायातून वर चढलेली ओल ती बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा आणि ऑइलपेंट चढवला की ओल आत कोंडते. पोपडे येतात, मिठासारखी पूड फुटते आणि आतली माती भुसभुशीत होते. मग 'जुनी घरे टिकत नाहीत' असे म्हणत आपण वाडा पाडतो. अशा भिंतीला चुनाच द्यावा. दुसरे असे की, घरगुती रंगांतले शिसे दहा लाख भागांत 90 भागांहून कमी असावे, हा नियम 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाला. त्याआधीचा ऑइलपेंट लहान मुले घरात असताना कोरडा घासू नये.

आणखी एक बोलावेसे वाटते. आता हिरवी भिंत म्हणजे एकाची, भगवी म्हणजे दुसऱ्याची, निळी तिसऱ्याची, असे लांबून ओळखले जाते. चुन्याच्या काळात नीळ सगळ्यांच्याच भिंतीवर होती आणि मोरचुदाचा हिरवा कुणाच्या धर्माचा नव्हता. वाण्याकडे जे मिळे ते. 2004, 2005 आणि 2006 अशी सलग तीन वर्षे दिवाळी आणि रमजान ईद एकाच आठवड्यात आल्या, तेव्हा रंगारी दोन्ही घरांना एकदमच हवा होता. त्याच्याकडे डबे तेच आणि ब्रशही तोच.

भीमेवर 1980 मध्ये उजनी धरण पुरे झाले, त्यात इंदापूर तालुक्यातल्याही गावांची पांढरी पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की पळसदेवचे जुने देऊळ उघडे पडते. दगड राहिले. मातीच्या भिंती, त्यांच्यावरचा पोतेरा, गेरूचा पट्टा हे सारे गाळात मिसळून गेले. नव्या गावठाणात विटांची घरे उभी राहिली. पण पांढरी विकत मिळत नाही, ती माणसांनी राहून राहून साठवावी लागते.

म्हणून रंगांचे कार्ड उघडण्याआधी भिंतीला हात लावून पाहावे. ती कशाची आहे, कुठे ओल धरते, तिच्यावर याआधी काय होते, हे घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईला विचारावे. तिला छटांची नावे येत नसतील, पण तुमची भिंत ती ओळखते.